लाल तांदूळ आणि मधुमेह: हरवलेल्या कोंड्याचा इतिहास

"डॉक्टर, पांढरा भात बंद करून लाल तांदळाचा भात सुरू केला, तर साखर उतरेल ना?" गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. कोणी गावाहून लाल तांदूळ मागवलेला असतो, कोणी मणिपूरचा काळा तांदूळ दुप्पट-तिप्पट भावाने आणलेला असतो. काही जण त्यापुढे जाऊन विचारतात, "मग आता गोळी अर्धी केली तर चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. लाल तांदळाचा फायदा होतो, पण तो बहुतांशी कोंड्याचा असतो, आणि हा कोंडा आपल्या ताटातून कधी व का गेला याला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो समजून घेतला की तांदूळ विकत घेताना, शिजवताना आणि वाढून घेताना काय पाहायचे ते आपोआप कळते. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

रंग असतो कुठे?

शेतातून येते ती साळ. तिच्यावर टणक तूस असते, ते खाता येत नाही. तूस काढले की आतला दाणा मिळतो. या दाण्यावर एक पातळ साल असते आणि टोकाला अंकुर असतो. ही साल आणि अंकुर दळून निघाले की त्यालाच आपण तांदळाचा कोंडा म्हणतो. तंतू, ब जीवनसत्त्वे, लोह, मॅग्नेशियम आणि थोडे तेल हे सारे प्रामुख्याने या कोंड्यात असते. कोंड्याच्या आतला पांढरा भाग म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च.

लाल किंवा काळा रंग असतो तो फक्त या बाहेरच्या सालीत. लाल तांदळात प्रोअँथोसायनिडिन नावाची द्रव्ये असतात, तर काळ्या तांदळात अँथोसायनिन, म्हणजे जांभळाला त्याचा रंग देणाऱ्या गटातली द्रव्ये. लाल दाणा मधोमध तोडून पाहा, आत तो आपल्या नेहमीच्या तांदळासारखा पांढराच दिसेल.

मुळात रानटी भात लाल दाण्याचाच असतो. पांढरा तांदूळ हा त्यातला पुढचा बदल. २००६ साली शास्त्रज्ञांनी लाल रंगाचे 'आरसी' हे जनुक ओळखले. बहुतेक पांढऱ्या तांदळांत या जनुकातील १४ अक्षरांचा तुकडा गळालेला आढळतो. माणसाने हा पांढरा दाणा निवडून निवडून पेरला आणि तो जगभर पसरला. काळ्या रंगाची गोष्ट वेगळी आहे. तो शेती सुरू झाल्यानंतर दुसऱ्या एका जनुकातील बदलातून आला, असे २०१५ च्या संशोधनातून दिसले.

इथे एक खुलासा करतो. साळीचे तूस काळे असले म्हणजे तांदूळ काळा असतोच असे नाही. उत्तर प्रदेशातील प्रसिद्ध 'काला नमक' या वाणाचे तूस काळे असते, पण आतला तांदूळ पांढरा असतो. तेव्हा नावावरून अंदाज बांधू नका, दाणा पाहा.

जुन्या ग्रंथांत नेमके काय आहे?

लाल तांदळाच्या पाकिटावर हल्ली 'आयुर्वेदात मधुमेहावर सांगितलेला' असे काहीतरी छापलेले असते. चरकसंहितेत साळींच्या प्रकारांमध्ये रक्तशाली श्रेष्ठ मानली आहे, हे खरे आहे. सुश्रुतसंहितेतही तांबड्या साळीला मानाचे स्थान आहे. केरळात नवरा हा तांदूळ आजही आयुर्वेदिक उपचारांत वापरतात. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

पण त्याच चरकसंहितेत प्रमेहाचे प्रकरण वाचले, तर चित्र वेगळे दिसते. आज आपण ज्याला मधुमेह म्हणतो तो प्रमेहाच्या वर्णनात येतो. त्याच्या कारणांमध्ये बैठे सुख, भरपूर झोप, दही, गुळाचे पदार्थ यांच्या जोडीला नवे धान्यही सांगितले आहे. आणि पथ्यामध्ये पहिला मान तांदळाला नाही, तो जवाला आहे. भात द्यायचाच तर तो जुन्या साळीचा, मुगाच्या कढणाबरोबर आणि कडू भाज्यांबरोबर द्यावा, असे म्हटले आहे.

म्हणजे रक्तशालीची स्तुती आहे ती साळींमध्ये उत्तम म्हणून. तिला मधुमेहाचे औषध म्हटलेले नाही. भाताबरोबर डाळ आणि भाजी असावी, ही त्यातली गोष्ट मात्र आजच्या संशोधनाशी जुळते. तिच्याकडे आपण पुढे येऊच.

लाल भात कोण खात होते?

लाल तांदूळ हे औषध म्हणून नव्हे, तर रोजचे अन्न म्हणून टिकले. सिंधुदुर्गात वालय, गोव्यातल्या खाजण जमिनीत कोरगूट, ठाणे-रायगडच्या खारजमिनीत राता, असे वाण पिढ्यान्‌पिढ्या पेरले गेले. समुद्राचे पाणी शिरणाऱ्या, क्षार असलेल्या जमिनीत दुसरा भात तग धरत नसे. तिथे हे वाण येत. तमिळनाडूत माप्पिळ्ळै सांबा, केरळात मट्टा, मणिपुरात चाक-हाओ असे प्रत्येक प्रदेशाचे आपापले रंगीत तांदूळ होते.

कोकणात साळ घिरटावर भरडत आणि मग उखळात मुसळाने सडत. तूस जाई, पण सालीचा बराचसा भाग दाण्यावर राही. हाच हातसडीचा तांदूळ. शिवाय कोकण-गोव्यात उकडा तांदूळ करण्याची पद्धत होती आणि आजही आहे. साळ तुसासकट भिजवून उकडायची, वाळवायची आणि नंतर भरडायची. त्यामुळे दाणा कमी तुटतो, म्हणून लोक हे करत. पण त्यात आणखी एक गोष्ट घडत होती. उकडताना सालीतले ब१ जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आत मुरत असे. पुढे सडताना साल गेली तरी ते थोडेफार आत शिल्लक राही. घरातल्या बायकांच्या या पद्धतीने किती मोठा आजार दूर ठेवला होता, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

गिरणी आली आणि दाणा पांढरा झाला

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगून आणि आसपास वाफेवर चालणाऱ्या भातगिरण्या उभ्या राहिल्या. ब्रह्मदेश हे तांदूळ निर्यातीचे मोठे केंद्र झाले. तिथला तांदूळ मुंबई इलाख्यातही येत असे. शतकाच्या अखेरीस एंगलबर्ग पद्धतीचे छोटे हलर यंत्र निघाले आणि पुढच्या काही दशकांत ते गावोगाव पोचले. मुसळाला जे काम करायला दिवस लागे, ते यंत्र काही मिनिटांत करू लागले. आपल्या आज्या-पणज्यांची त्या कष्टांतून सुटका झाली, हेही विसरता कामा नये.

पण गिरणी फक्त तूस काढून थांबत नव्हती. ती सालही घासून काढत होती. व्यापाऱ्याला तेच हवे होते. कोंड्यात तेल असते आणि साल दुखावली की ते हवेने लवकर खवट होते. कोंडा असलेला तांदूळ जहाजात आणि गोदामात फार काळ टिकत नाही, त्याला लवकर कीड लागते. पांढरा तांदूळ महिनोन्‌महिने राहतो, लवकर शिजतो आणि दिसायलाही चांगला दिसतो. पाहता पाहता पांढरा भात हे ऐपतीचे लक्षण झाले आणि लाल भात गरिबाचा ठरला. लग्नाच्या पंगतीत लाल भात वाढणे कमीपणाचे वाटू लागले.

बटाव्हियातील कोंबड्या

याच काळात आग्नेय आशियात बेरीबेरी या आजाराने थैमान घातले होते. पायांना मुंग्या येत, मग बधिरपणा, मग चालता येईनासे होई. काहींच्या अंगावर सूज येई आणि हृदय निकामी होऊन मृत्यू होई. सैनिक, खलाशी, कैदी आणि मजूर यांना तो विशेष गाठी. तेव्हा जंतूंच्या शोधांचा जमाना होता, त्यामुळे बेरीबेरीचाही जंतूच असणार असे सगळ्यांना वाटत होते.

१८८६ मध्ये डच सरकारने हा जंतू शोधायला एक पथक बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला पाठवले. त्यात क्रिस्टियान आयकमान हा तरुण डॉक्टर होता. प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडू लागले. बेरीबेरीच्या रुग्णांसारख्याच त्या चालेनाशा झाल्या. आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या! आयकमानने चौकशी केली. मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात उरलेला पांढरा भात घातला जात होता. नंतर नवा आचारी आला आणि लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायचे त्याने नाकारले. कोंबड्या पुन्हा सालीसकट असलेल्या तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या. त्या सालीला डच भाषेत 'चंदेरी साल' अशा अर्थाचे नाव आहे.

कोंबड्यांचे खरे, पण माणसांचे काय? जावा बेटावरील तुरुंगांचे वैद्यकीय निरीक्षक आडोल्फ व्होर्डरमान यांनी १०१ तुरुंगांची पाहणी केली. त्यांत मिळून पावणेतीन लाखांहून अधिक कैदी होते. जिथे पॉलिश केलेला तांदूळ दिला जाई, तिथे दर ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होती. जिथे सालीसकट तांदूळ होता, तिथे हे प्रमाण १०,००० कैद्यांमागे एक इतकेच होते.

पुढचा क्रम थोडक्यात सांगतो. १९०१ मध्ये गेरिट ग्रेन्स यांनी मांडले की पांढऱ्या तांदळात विष नसून सालीतली एखादी आवश्यक गोष्ट त्यात कमी पडते. १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांसाठी 'व्हिटामिन' हा शब्द सुचवला. १९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी कोंड्यातून ब१ जीवनसत्त्वाचे स्फटिक वेगळे केले. १९२९ मध्ये आयकमानना नोबेल पारितोषिक मिळाले. १९३६ मध्ये हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार झाले आणि पुढे त्याची गोळी आली.

जीवनसत्त्वांच्या शास्त्राचा मोठा भाग तांदळाच्या कोंड्यावर उभा राहिला, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. पण गोळी मिळाल्यावर कोंड्याची आठवण मागे पडली. कोंड्यातले एक द्रव्य परत मिळाले होते. बाकीचा कोंडा पशुखाद्यात आणि तेलाच्या घाण्यात जातच राहिला.

आपल्याकडे काय झाले?

भारतातही बेरीबेरी होती, विशेषतः आंध्रच्या किनारी भागात, जिथे न उकडलेला, गिरणीत पॉलिश केलेला तांदूळ खाल्ला जाई. उकडा तांदूळ खाणाऱ्या प्रदेशांत ती फारशी दिसली नाही. रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरने १९१८ पासून निलगिरीतील कुन्नूरला यावर काम सुरू केले. त्याच कामातून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. आज आपण आहाराचे जे तक्ते वापरतो, ते या संस्थेचे असतात.

महाराष्ट्रातही या प्रश्नावर एक मोठी चळवळ झाली. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गांधीजी आणि जे. सी. कुमारप्पा यांनी पॉलिश न केलेल्या, हातसडीच्या तांदळाचा जोरदार पुरस्कार केला. गिरणीचा तांदूळ आरोग्यही नेतो आणि खेड्यातला रोजगारही नेतो, असे त्यांचे म्हणणे होते. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये भातगिरण्यांच्या नियमनासाठी कायदा झाला, त्यात हातसडीच्या व्यवसायाचाही विचार होता. पण कायद्याने यंत्र थांबले नाही. लोकांनाही पांढराच तांदूळ हवा होता.

मग १९६६ नंतर आयआर-८, जया असे बुटके, भरघोस उत्पन्नाचे वाण आले. देशाला तेव्हा धान्याची नितांत गरज होती आणि या वाणांनी ती भागवली. मात्र नव्या वाणांच्या शेतात लाल दाणा म्हणजे भेसळ ठरू लागला. रेशनवर आला तोही पांढरा तांदूळ. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी मध्य प्रदेश-छत्तीसगडमधून देशी भाताचे हजारो नमुने गोळा केले. तमिळनाडूत 'नेल' जयरामन यांनी गावोगाव फिरून देशी वाणांचे बियाणे शेतकऱ्यांत वाटले. अशा लोकांच्या धडपडीमुळे आज आपल्याला लाल-काळा तांदूळ विकत तरी मिळतो.

आणि मग मधुमेह

भातखाऊ समाजात मधुमेह पूर्वी नव्हताच, असे मात्र समजू नका. १९०७ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या सभेत उष्ण कटिबंधातील मधुमेहावर मोठी चर्चा झाली होती. कलकत्त्यातल्या सुखवस्तू, बैठे काम करणाऱ्या वर्गात हा आजार किती आहे, हे तेव्हाच तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले होते. शेतात राबणारा माणूस मोठा डोंगर भात खाऊनही मधुमेही होत नसे. खाल्लेला स्टार्च त्याचे स्नायू जाळून टाकत.

आज ते बैठे जीवन आपल्या सगळ्यांच्या वाट्याला आले आहे, आणि भाताचा डोंगर मात्र तसाच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. याच पाहणीचा २०२५ मधील अहवाल सांगतो की भारतीय माणसाच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात.

२०२० मध्ये २१ देशांतील १ लाख ३२ हजार लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला १५० ग्रॅमपेक्षा कमी भात खाणाऱ्यांशी तुलना करता, ४५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त शिजलेला पांढरा भात खाणाऱ्यांना मधुमेह होण्याचा धोका २० टक्क्यांनी जास्त होता. दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या भागात, तो ६१ टक्क्यांनी जास्त होता. असे अभ्यास संबंध दाखवतात, एकटा भातच कारण आहे असे सिद्ध करत नाहीत. पण संबंध दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

कोंडा परत आणला तर?

कोंडा असलेला तांदूळ पचायला वेळ लागतो. तंतुमय साल पाण्याला आणि पाचक रसांना दाण्यात पटकन शिरू देत नाही. त्यामुळे स्टार्चची साखर हळूहळू होते. अन्न रक्तातली साखर किती वेगाने वाढवते हे मोजायला ग्लायसेमिक इंडेक्स हे माप वापरतात. त्यात ग्लुकोजला १०० गुण देतात.

चेन्नईच्या मधुमेह संशोधकांनी एकच उकडा वाण तीन प्रकारे सडून पाहिला. सालीसकट दाण्याचा इंडेक्स सुमारे ५८ आला. थोडासा पॉलिश केल्यावर तो ७३ झाला, आणि पूर्ण पॉलिश केल्यावर जवळपास ८०. म्हणजे 'हलके पॉलिश केलेला' म्हणून जो तांदूळ आपण समाधानाने घेतो, त्यात बराचसा फायदा आधीच निघून गेलेला असतो.

चेन्नईतच २०१४ मध्ये जादा वजनाच्या लोकांवर एक छोटा अभ्यास झाला. पांढऱ्या भाताऐवजी कोंड्यासकट भात दिल्यावर दिवसभरातील साखरेची चढण सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली, आणि त्याच भातात कडधान्य मिसळल्यावर सुमारे २३ टक्क्यांनी. मुगाच्या कढणाबरोबर भात खायला सांगणारे प्राचीन वैद्य इथे आठवतात.

आता रंगाकडे वळू. लाल-काळ्या सालीतली द्रव्ये प्रयोगशाळेत स्टार्च पचवणाऱ्या विकरांना काही प्रमाणात रोखतात, असे दिसले आहे. पण काचनळीत दिसलेला परिणाम माणसात तेवढाच दिसतो असे नाही. माणसांवरचे अभ्यास छोटे आणि थोड्या दिवसांचे आहेत. रंगीत तांदळाने औषधाची जागा घ्यावी, असे त्यांतल्या कशानेही सिद्ध झालेले नाही.

शिवाय रंगाने फसगतही होऊ शकते. मणिपूरच्या चाक-हाओला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो सुगंधी आणि सुंदर तांदूळ आहे, पण चिकट जातीचा आहे. चिकट तांदळात अमायलोज या प्रकारचा स्टार्च कमी असतो, आणि असा भात सर्वसाधारणपणे लवकर पचून साखर लवकर वाढवतो. त्यात मणिपुरात त्याची खीर करण्याची पद्धत आहे. सणाला वाटीभर खीर खाण्याचा आनंद जरूर घ्या, पण ती मधुमेहाचे पथ्य म्हणून खाऊ नका.

आणखी एक हिशेब पाहा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात सुमारे ३५६ उष्मांक असतात, आणि कोंड्यासकट तांदळात सुमारे ३५३. पिष्टमय पदार्थ अनुक्रमे ७८ आणि ७५ ग्रॅम. तंतू २.८ विरुद्ध ४.४ ग्रॅम. तंतूंत फरक आहे, उष्मांकांत जवळजवळ नाही. म्हणूनच 'इंडियाब'च्या २०२५ च्या अहवालातला एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ आणले, पण पिष्टमय पदार्थांचे एकूण प्रमाण कमी केले नाही, तर धोका कमी झालेला दिसला नाही. धान्य बदलून ढीग तेवढाच ठेवला तर हाती फारसे लागत नाही.

घरी काय करावे?

१. भात मोजून घ्या. एका जेवणात शिजलेला भात एक लहान वाटी, मग तो कोणत्याही रंगाचा असो. लाल आहे म्हणून दुसरी वाटी नको. भात घेतला तर त्या जेवणात पोळी-भाकरी त्या मानाने कमी करा.

२. दाणा पाहून घ्या. लाल रंग दाण्यावर सलग असावा. दाणा फिकट गुलाबी असेल किंवा लाल-पांढरे पट्टे दिसत असतील, तर त्याची साल निघालेली आहे. काळ्या तांदळाचे पाणी जांभळे होते, ती भेसळ नाही.

३. थोडाच आणा. कोंडा असलेला तांदूळ लवकर खवट होतो आणि त्याला कीड लागते. महिन्याभराचा आणून घट्ट डब्यात, शक्य तर फ्रीजमध्ये ठेवा.

४. शिजवण्याआधी काही तास भिजवा. दाणा शिजलेला पण मोकळा असावा. पेज हा आजारपणात चांगला आहार आहे, पण फार शिजलेला, घोटलेला भात साखर लवकर वाढवतो. तांदूळ दळून केलेल्या भाकरी-घावन्यांतही दाणा फुटलेला असल्याने फायदा कमी होतो.

५. भाताबरोबर डाळ किंवा उसळ आणि भाताच्या दुप्पट भाजी घ्या. मासे-अंडी खात असाल तर तीही चालतील. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाला.

६. स्वतःची साखर स्वतः तपासा. एक दिवस वाटीभर पांढरा भात आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच लाल भात घ्या, बाकी जेवण सारखेच ठेवा, आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा पाहा. असे दोन-तीनदा केले की तुमच्या शरीरात किती फरक पडतो ते कळेल. तो आकडा पाकिटावरच्या दाव्यापेक्षा जास्त विश्वासाचा.

७. औषधे स्वतःहून कमी करू नका. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि तुम्ही भाताचे प्रमाण एकदम घटवणार असाल, तर आधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर साखर अचानक खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कोंड्यातील पोटॅशियम आणि फॉस्फरस जास्त असल्याने रोजचा तांदूळ बदलण्यापूर्वी सल्ला घ्या.

ज्यांना लाल तांदूळ परवडत नाही किंवा चावत नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. साध्या तांदळाचा अर्धी वाटी भात, वाटीभर घट्ट डाळ आणि भरपूर भाजी हे ताट, लाल भाताच्या भरल्या ताटापेक्षा मधुमेहासाठी चांगले आहे. आणि ज्यांच्या गावाकडे अजून वालय, कोरगूट किंवा राता पिकतो, त्यांनी तो जरूर मागवावा. फक्त गिरणीवाल्याला एवढेच सांगा, की तूस काढ आणि तिथेच थांब.